आधी माळ्यावर चढा

ताई, आम्ही फ्लोरिडात लार्गोला राहतो, समुद्रापासून तीन-साडेतीन मैल आत. घर १९८८ चं, काँक्रीट ब्लॉकचं. शिंगलचं, म्हणजे डांबरी चपट्या तुकड्यांचं, छप्पर आधीच्या मालकांनी २००९ साली घातलेलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात विमा कंपनीची नोटीस आली, की २० सप्टेंबरनंतर पॉलिसी पुढे चालवणार नाही. दहा वर्षांत आम्ही एकही क्लेम केलेला नाही. वर्षाचा हप्ता मात्र २,६०० डॉलरवरून ६,९०० वर गेला. मी दोन ठिकाणी फोन केले. एकाने छपराचं वय ऐकून विषयच संपवला, दुसऱ्याने ९,४०० सांगितले. यजमान म्हणतात, पुण्याचा फ्लॅट विकू, राहिलेलं १,१०,००० डॉलरचं कर्ज फेडू आणि विम्याला रामराम ठोकू. "निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनच्या घराची कौलं उडाली, दादाने महिन्याभरात बसवली. तिथे कुठे होता विमा?" हे त्यांचं म्हणणं. सासूबाई-सासरे सध्या आमच्याकडेच आहेत. मला रात्र रात्र झोप येत नाही. कोणती कंपनी चांगली ते सांगाल का?
— एक वाचक, लार्गो

तुमचं पत्र वाचलं आणि पहिलं काय केलं असेल तर तारखा मोजल्या. फ्लोरिडाच्या कायद्याने कंपनीला पॉलिसी बंद करण्याआधी १२० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि तुम्हाला ती वेळेवर मिळाली आहे. म्हणजे हातात दिवस आहेत. झोप उडण्यासारखी वेळ अजून आलेली नाही, पण ऑगस्टपर्यंत अशाच बसून राहिलात तर ती नक्की येईल. त्याचं कारण पुढे सांगते.

आता प्रश्नाचं उत्तर. "कोणती कंपनी चांगली" हे मी सांगणार नाही, कारण आज तुम्ही कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी हेच ऐकाल. तुम्ही फोनवर काय सांगितलंत? १९८८ चं घर, २००९ चं छप्पर, पिनेलास काउंटी. पलीकडच्या माणसाच्या कॉम्प्युटरला तुमच्याबद्दल तेवढंच कळलं आणि तेवढ्यावर त्याने भाव लावला. तुमच्या घराचं छप्पर भिंतीला कशाने बांधलंय, पाण्याचे पाइप कसले आहेत, गॅरेजचं दार किती वारा सोसेल, यातलं काहीच त्याच्यापुढे नव्हतं. मुलीचा फोटो न पाठवता नुसती जन्मतारीख पाठवून स्थळं शोधण्यातली ही गत. आधी घराचे कागद तयार करा. कंपनी त्यानंतर शोधायची.

मी टँपात अठ्ठावीस वर्षं राहते. २०२२ साली माझी स्वतःची विमा कंपनी बुडाली. त्या एका वर्षात फ्लोरिडात अर्धा डझन कंपन्या दिवाळ्यात निघाल्या, त्यातलीच एक माझी. पत्र आलं, की तीस दिवसांत पॉलिसी रद्द. तेव्हा मीही तुमच्यासारखीच डायरी घेऊन एकामागून एक फोन करत सुटले होते. आठ दिवस वाया गेले. नवव्या दिवशी एका म्हाताऱ्या एजंटने विचारलं, "मॅम, विंड मिटिगेशनचा, म्हणजे घर वारा किती सोसेल त्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आहे का तुमच्याकडे?" माझ्याकडे होता, घर घेतानाचा, अकरा वर्षांपूर्वीचा. तो पाच वर्षंच चालतो. त्यांनी एक इन्स्पेक्टर पाठवला.

तो मुलगा गॅरेजमधली शिडी लावून पोटमाळ्यावर चढला, आणि मीही हट्टाने मागोमाग चढले. जूनमधला तो उकाडा, गुलाबी इन्सुलेशनची खाज, आणि जिथे छप्पर भिंतीवर टेकतं त्या चिंचोळ्या कोपऱ्यात पोटावर सरपटत गेलेला तो पोरगा. त्याने बॅटरी मारली. छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी कैचीच्या बाजूला एक पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यात खिळे. त्याने मोजले. दोन. पुढच्या कैचीला दोन. त्याच्या पुढच्या कैचीलाही दोनच. तो मागे वळून म्हणाला, "तीन पाहिजेत." नियमाने पट्टीत कैचीच्या बाजूला निदान तीन खिळे असले तरच तिला 'क्लिप' म्हणतात. दोन असले तर कागदावर तुमचं छप्पर नुसते तिरके खिळे ठोकून बसवलंय असंच धरलं जातं, जणू पट्टी नाहीच. एका सुताराने दीड दिवसात प्रत्येक पट्टीला तिसरा खिळा मारला. इन्स्पेक्टर परत आला, फोटो काढले, सही केली. त्या एका खिळ्याने माझा वाऱ्याचा हप्ता इतका उतरला की सुताराचे पैसे पहिल्याच वर्षी वसूल झाले. घर तेच, मी तीच. फरक पडला तो फक्त कागदावर.

म्हणून तुम्हाला सांगते, या आठवड्यात दोन तपासण्या करून घ्या. एक विंड मिटिगेशन, दुसरी फोर पॉइंट. एकच इन्स्पेक्टर दोन्ही एका फेरीत करतो.

विंड मिटिगेशनमध्ये घर वाऱ्यापुढे कसं टिकेल ते पाहतात. छप्पर चौपाखी आहे की दुपाखी, हा त्यातला एक प्रश्न. यजमानांना विचारा, श्रीवर्धनचं घर चौपाखी असेल तर ते का तसं बांधलं ते त्यांना ठाऊक असणार. चारही बाजूंनी उतार असला की वाऱ्याला धक्का मारायला उभी भिंत सापडत नाही. कोकणातल्या सुतारांना जे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे त्याला इथे हप्त्यात सूट मिळते. मग छपराच्या फळ्या कोणत्या खिळ्यांनी ठोकल्यात, त्यांच्यामध्ये किती अंतर आहे, शिंगलच्या खाली पाणी अडवणारा दुसरा थर आहे का, छप्पर भिंतीला कसं बांधलंय. नुसत्या खिळ्यांपेक्षा क्लिप बरी, आणि क्लिपपेक्षा कैचीवरून गुंडाळून पलीकडे ठोकलेली पट्टी बरी. शेवटी खिडक्या-दारं. इथे बरेच लोक फसतात. सगळ्या खिडक्यांना शटर बसवतात आणि गॅरेजचं दार विसरतात. एक जरी काच उघडी राहिली तर त्या रकान्यात पूर्ण सूट मिळत नाही. त्यात तथ्य आहे. गॅरेजचं मोठं दार आत कोसळलं की वारा घरात शिरून छताला खालून वर उचलतो. छप्पर उडतं ते बऱ्याचदा असं. या सवलती देणं कंपनीच्या मर्जीवर नाही, राज्याच्या कायद्याने त्या द्याव्याच लागतात. फक्त मागण्यासाठी हातात कागद पाहिजे.

फोर पॉइंट म्हणजे छप्पर, वीज, पाणी आणि एसी. तुमचं घर १९८८ चं, म्हणून मला खरी काळजी छपरापेक्षा पाण्याच्या पाइपांची आहे. १९७८ ते १९९५ च्या दरम्यान इथे खूप घरांत पॉलिब्युटिलीनचे पाइप घातले गेले. राखाडी रंगाचे, प्लॅस्टिकचे. ते आतून ठिसूळ होतात आणि न सांगता फुटतात. बऱ्याच कंपन्या ते दिसले की सरळ नाही म्हणतात. आज संध्याकाळी वॉटर हीटरपाशी जाऊन बघा, आणि सिंकखाली भिंतीतून बाहेर येणारा पाइप बघा. तांब्याचा असेल तर देवापुढे साखर ठेवा. राखाडी असेल तर इन्स्पेक्टरच्या आधी प्लंबरला बोलवा, कारण रिपोर्टात एकदा लिहिलं गेलं की तो रिपोर्ट कुठे दाखवायची सोय राहत नाही.

आता छपराबद्दल. ज्याने वय ऐकून विषय संपवला त्याच्यापाशी थांबू नका. २०२२ च्या मे महिन्यात फ्लोरिडाने कायदा केला. छप्पर पंधरा वर्षांपेक्षा कमी वयाचं असेल तर केवळ वयाच्या कारणाने कंपनीला नाही म्हणता येत नाही. पंधराच्या पुढे असेल तर इन्स्पेक्टरकडून तपासून घेण्याची संधी तुम्हाला द्यावी लागते, आणि अजून निदान पाच वर्षं टिकेल असं त्याने लिहून दिलं तर केवळ वयावरून नाकारता येत नाही. तुमचं पंधराच्या पुढे गेलंय. तेव्हा इन्स्पेक्टरला आधीच सांगा, की छपराचं उरलेलं आयुष्य स्पष्ट आकड्यात लिहा. आणि पिनेलास काउंटीच्या किंवा लार्गोच्या इमारत खात्याकडून २००९ च्या छपराचं परमिट काढून घ्या. परमिट ऑनलाइन सापडतं, आणि छप्पर कोणत्या तारखेला घातलं त्याचा त्याहून पक्का पुरावा नाही. २००२ च्या मार्चपासून राज्यभर नवा इमारत कायदा लागू झाला, म्हणून २००९ चं छप्पर त्या नियमांखाली बसवलेलं असणार. फळ्यांवर पुन्हा खिळे मारले असतील तर परमिटच्या तपासणीत ते सापडू शकतं, आणि त्यालाही सूट आहे.

इन्स्पेक्टरने पाच वर्षांचं लिहून द्यायला नकार दिला तर? तर मग छप्पर बदला. हे मी सहज म्हणत नाही. शिंगलचं साधं छप्पर म्हटलं तरी वीस हजार डॉलरच्या आसपास जातं. पण ९,४०० आणि ६,९०० मधला फरक दर वर्षी भरत बसण्यापेक्षा, आणि त्याहीपेक्षा पुण्याचा फ्लॅट विकण्यापेक्षा, हा खर्च शहाणपणाचा आहे. राज्याची 'माय सेफ फ्लोरिडा होम' नावाची योजना आहे. तिच्यात तपासणी मोफत होते, आणि तुम्ही एक डॉलर घातलात तर राज्य दोन घालतं, जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत. अलीकडे ती कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांपुरती ठेवली आहे आणि पैसे संपले की रांग थांबते. तरी अर्ज करून बघा. फक्त मंजुरीपूर्वी काम सुरू करू नका, नाहीतर अनुदान हातचं जाईल. आणि दारावर येऊन "तुमच्या छपराचा क्लेम करून फुकटात नवं घालून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर दार लावून घ्या. दहा वर्षं क्लेम नसणं ही आज तुमची सगळ्यात मोठी मिळकत आहे.

हे कागद हातात आले की दोन स्वतंत्र एजंटांकडे जा. एकाच कंपनीचा एजंट नको, अनेक कंपन्यांचं काम करणारा हवा. त्याला सरळ विचारा, "फ्लोरिडात आज नव्या ग्राहकांचा विमा घेणाऱ्या किती कंपन्या तुमच्याकडे आहेत?" दोनच एजंट म्हणते, सहा नाही. सहा जण तुमचं घर त्याच त्या कंपन्यांकडे टाकतात आणि काही कंपन्या पहिल्या एजंटपाशीच तुमची फाइल धरून ठेवतात.

मागे वळून बघितलं तर कंपन्या का गेल्या ते कळतं, आणि आता दार थोडं का उघडलंय तेही. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड जवळजवळ पुसून टाकलं, तेव्हा मोठ्या राष्ट्रीय कंपन्यांना धडकी भरली. त्यांनी हळूहळू अंग काढलं आणि त्यांची जागा राज्यापुरत्या लहान कंपन्यांनी घेतली. या कंपन्यांच्या स्वतःच्या तिजोरीत फार काही नसतं, त्या स्वतःचा विमा बाहेरच्या पुनर्विमा कंपन्यांकडून घेतात, आणि तो बहुतेक १ जूनला नव्याने ठरतो. तिकडे भाव चढला की इकडे तुमचा हप्ता चढला. त्यात खटले. देशातल्या घरविम्याच्या क्लेमपैकी दहा टक्क्यांहून कमी फ्लोरिडात होत होते, आणि खटले मात्र तीन चतुर्थांश इथेच. २०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळ आलं, २०२३ च्या जुलैमध्ये फार्मर्ससारख्या कंपनीने आपल्या नावाच्या पॉलिसी इथून गुंडाळायचं जाहीर केलं. पण २०२२ च्या डिसेंबरात खटल्यांचे नियम बदलले, आणि त्यानंतर डझनभराहून जास्त नव्या कंपन्या राज्यात आल्या आहेत. त्यांना घरं हवी आहेत, फक्त ती निवडून हवी आहेत. तुमचे कागद बघायला आज गिऱ्हाईक आहे. २०२३ साली मी हे एवढ्या खात्रीने लिहिलं नसतं.

नव्या कंपनीचं नाव अनोळखी असेल. घाबरू नका, पण दोन गोष्टी बघा. एक, विमा कंपन्यांची आर्थिक ताकद मोजणाऱ्या डेमोटेक या संस्थेचं 'ए' किंवा त्यावरचं मानांकन आहे का, कारण तुमची बँक तेच विचारेल. दोन, ती राज्याची परवानाधारक कंपनी आहे की त्या परवान्याबाहेरची, 'सरप्लस लाइन्स'वाली. परवानाधारक कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी, ज्याला सगळे 'फिगा' म्हणतात, घराच्या नुकसानीचे साधारण पाच लाख डॉलरपर्यंत पैसे देतो. सरप्लस लाइन्सवाली बुडाली तर ती हमी नाही. माझी बुडाली तेव्हा माझा क्लेम चालू नव्हता म्हणून वाचले. माझ्या शेजारणीचा होता, आणि फिगाने उशिरा का होईना पैसे दिले.

कोणीच रास्त दरात घेतलं नाही तर शेवटी सिटिझन्स आहे. २००२ साली राज्याने उभी केलेली ही कंपनी, ज्याला कोणी घेत नाही त्याच्यासाठी. २०२३ मध्ये तिच्या पॉलिसी चौदा लाखांच्या घरात गेल्या होत्या, आता दहा लाखांच्या खाली आल्या आहेत. तिथेही एजंटमार्फतच जावं लागतं. खाजगी कंपनीचा दर सिटिझन्सच्या दरापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर सिटिझन्स तुम्हाला घेत नाही. आणि घेतलं तरी मधेच पत्र येतं, अमुक खाजगी कंपनी तुमची पॉलिसी उचलायला तयार आहे. ते पत्र जाहिरात समजून टाकू नका. मुदतीत उत्तर नाही दिलं तर तुमची पॉलिसी परस्पर तिकडे जाऊ शकते. अजून एक, मोठ्या वादळानंतर सिटिझन्सच्या गंगाजळीत खड्डा पडला तर तिच्या ग्राहकांवर पंधरा टक्क्यांपर्यंत जादा आकार बसू शकतो. तरी घर उघडं ठेवण्यापेक्षा सिटिझन्स शंभर पटीने बरी.

आता यजमानांच्या बोलण्याकडे येते. त्यांचा राग मला कळतो. दहा वर्षं पैसे भरले, एक छदाम परत घेतला नाही, आणि बदल्यात नोटीस. मलाही २०२२ साली असंच वाटलं होतं. पण श्रीवर्धनचं उदाहरण इथे बसत नाही, आणि का ते त्यांच्याशी शांतपणे बोला. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. तिथे कौल उडालं तर दादा वर चढतो, शेजारचा खालून कौलं देतो, घराच्या भिंती चिऱ्याच्या, जागा आपली, कोणाची परवानगी नाही. लार्गोत तुमचं छप्पर गेलं तर पाऊस थेट ड्रायवॉलवर, म्हणजे जिप्समच्या पातळ पाट्यांवर, पडतो. दोन दिवसांत बुरशी. परमिट, परवानाधारक कंत्राटदार, आणि वादळानंतर तोच कंत्राटदार चारशे घरांच्या यादीवर. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन वादळाने सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड या स्टेडियमचं छत फाडून चिंध्या केल्या, तुम्ही तेव्हा पंधरा मैलांवर होतात. तुमचं घर नव्याने उभारायला आज, समजा, ४,२०,००० डॉलर लागतील. फेमाची, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याची, मदत यजमान धरून चालले असतील तर त्यांना सांगा, २०२४-२५ साठी घराच्या मदतीची वरची मर्यादा ४३,६०० डॉलर होती, आणि बहुतेकांना त्याच्या जवळपासही मिळत नाही. आणि विमा सोडला की फक्त वाऱ्याचा जात नाही. आग जाते. अंगणात कोणी घसरून पडलं तर लागणारं दायित्वाचं कवचही जातं. घरात वयस्कर दोन माणसं आहेत, स्वयंपाकघर दिवसभर चालू आहे.

हप्ता खाली आणायचा रस्ता आहे, तो डिडक्टिबलचा, म्हणजे नुकसानीतला जो भाग आधी आपण स्वतः सोसायचा त्याचा. चक्रीवादळाचं डिडक्टिबल घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यात असतं. ४,२०,००० वर दोन टक्के म्हणजे ८,४००, पाच टक्के म्हणजे २१,०००, दहा टक्के म्हणजे ४२,०००. दोनचं पाच केलंत तर हप्ता बऱ्यापैकी उतरतो. मग हप्त्यात वाचलेली रक्कम बँकेत वेगळी ठेवा, 'वादळ' नावाच्या खात्यात, आणि तिला हात लावू नका. यजमानांना स्वतःवर विसंबायचंय ना, मग एवीतेवी एकवीस हजारांपुरतं विसंबूया. चार लाखांपुरतं नको. दहा टक्के करण्याआधी बँकेला विचारा, कारण बहुतेक बँकांना पाचच्या वर चालत नाही.

आणि एवढं सांगूनही त्यांना वाऱ्याचा विमा नकोच असेल तर फ्लोरिडाच्या कायद्यात त्यासाठीही वाट आहे. बँकेचं कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते, आणि मालकाला स्वतः एक वाक्य लिहून द्यावं लागतं. त्याचा मराठीत अर्थ असा: "माझ्या घराच्या विम्याने वादळी वाऱ्याच्या नुकसानीचे पैसे द्यावेत असं मला नको आहे. तो खर्च मी करीन. माझा विमा करणार नाही." पॉलिसीवर तुमचंही नाव असेल तर तुम्हालाही सही करावी लागते. एका रविवारी चहाच्या वेळी यजमानांपुढे कोरा कागद ठेवा आणि हे वाक्य लिहायला सांगा. सासऱ्यांनाही बसवा. लिहून झाल्यावर त्यांना अजून तसंच वाटत असेल तर आगीचा आणि दायित्वाचा विमा ठेवून फक्त वारा काढा. मी तुमच्या जागी असते तर सही केली नसती.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तिचीच भीती वाटते. पाणी. घराच्या विम्यात पूर येत नाही. समुद्राचं पाणी वादळाबरोबर आत आलं तर तो पूर, वाऱ्याचं नुकसान नाही. २०२४ च्या २६ सप्टेंबरला हेलीन वादळ शंभरावर मैल दुरून गेलं, इथे वारा फार नव्हता, आणि टँपा बे या खाडीचं पाणी सहा फुटांहून वर चढलं. सेंट पीटर्सबर्गच्या शोअर एकर्स वस्तीत माझी एक मैत्रीण राहत होती. सकाळी मी गेले तेव्हा पाणी ओसरलेलं होतं, भिंतीवर माझ्या कमरेएवढी एक तपकिरी रेघ, सगळ्या खोल्यांतून एकाच उंचीवर गेलेली, जणू कोणी पट्टीने ओढली. देवघराच्या खणात वाळू. गोड्या मसाल्याचा डबा सोफ्यावर. घराचा विमा होता, पुराचा नव्हता, तिला एक पैसा मिळाला नाही. वर शहराने सांगितलं, दुरुस्तीचा खर्च घराच्या इमारतीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला तर घर आजच्या पूरनियमांप्रमाणे उंच करावं लागेल. तिने ते विकलं.

सरकारी पूरविम्यात इमारतीला २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत संरक्षण मिळतं. तो घेतल्यावर तीस दिवसांनी लागू होतो. म्हणजे वादळ मेक्सिकोच्या आखातात दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. तुम्ही तीन मैल आत आहात, कदाचित कमी धोक्याच्या भागात, तर हप्ताही कमी असेल. सिटिझन्सकडे जावं लागलं तर तसाही तो लागेलच. वाऱ्याचं कवच असलेल्या तिच्या ग्राहकांना १ जानेवारी २०२७ पासून पूरविमा सरसकट सक्तीचा आहे.

आणि ऑगस्टचं म्हटलं होतं ते हे. वादळाचा इशारा लागला की सगळ्या कंपन्या त्या दिवशी नव्या पॉलिसी देणं थांबवतात. एजंट म्हणतात, "बाइंडिंग बंद आहे." तुमची २० सप्टेंबर ऐन हंगामात येते. त्या आठवड्यात काही आलं तर दरवाजे बंद, आणि बँक स्वतःच्या मर्जीचा विमा तुमच्या कर्जावर लादेल, जो महाग असतो आणि फक्त बँकेचं रक्षण करतो. म्हणून जुलैअखेर पॉलिसी हातात हवी, सुरू होण्याची तारीख २० सप्टेंबर घालून. मिळाली की त्याच दिवशी बँकेच्या एस्क्रो विभागाला, म्हणजे कर्जाच्या हप्त्यातून विम्याचे पैसे भरणाऱ्या खात्याला, प्रत पाठवा, आणि त्यांनी नोंद केली का ते आठवड्याने फोन करून विचारा.

पुण्याच्या फ्लॅटला आत्ता हात लावू नका. इन्स्पेक्टर येईल त्या दिवशी घरी थांबा, त्याला एकट्याला सोडू नका. मागोमाग शिडीवर चढा, चढवत नसेल तर मोबाइल हातात देऊन यजमानांना पाठवा, आणि तो पट्टीपाशी पोचला की खिळे मोजायला सांगा. किती निघाले ते मला लिहा, आणि रिपोर्टची प्रत पाठवा. एजंटांकडून दोन भाव आले की पुढचं आपण त्यावर बोलू.